पेत्रोनाची साक्ष

वेढा पडून दुसरा आठवडा लागला तसं किल्ल्यातल्या विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि बायकांची भांडणं वाढली. फ्लोरिडातलं सगळं सान आगुस्तिन शहर त्या एका किल्ल्यात येऊन कोंबलं होतं. माणसं, कोंबड्या, डुकरं, चर्चमधल्या मूर्तीसुद्धा. खाडीपलीकडच्या बेटावरून इंग्रजांच्या तोफा दिवसभर धडधडायच्या. आमच्या किल्ल्याचा तट शिंपल्यांच्या मऊ दगडाचा. गोळा आदळला की दगड फुटायचा नाही, गोळाच त्यात रुतून बसायचा. सुरुवातीला लोक कानात बोटं घालून बसायचे. पुढंपुढं गोळा आदळला तरी कुणाच्या हातातलं काम थांबेना.

पेत्रोना मोसेच्या माणसांबरोबर उत्तरेच्या तटाशी उतरली होती. तिथं दुपारी सावलीचा टिपूस नसायचा. तिथं बसा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण ती आली तेव्हा सावलीच्या जागा गोऱ्या घरांनी धरून झाल्या होत्या. तिनं शिडाच्या फाटक्या कापडाचा आडोसा केला होता. त्याखाली तिची दीड वर्षांची कातालीना घामानं निथळत झोपायची.

मोसे म्हणजे आमचं गाव. शहरापासून उत्तरेला कोसभर. कॅरोलिनातल्या इंग्रजांच्या मळ्यांवरून पळून आलेल्या काळ्या माणसांनी ते वसवलं होतं. स्पेनच्या राजाचा हुकूमच होता, की जो पळून येईल, बाप्तिस्मा घेईल आणि राजासाठी बंदूक उचलेल, तो मोकळा. राजाचं मन मोठं म्हणून हा हुकूम निघाला असं आमच्यातला कुणीच समजत नव्हता. इंग्रज उत्तरेकडून आले तर पहिला घाव मोसेनं झेलावा, हा त्यातला हिशेब शेंबड्या पोरालाही कळत होता. तरीही मोकळं ते मोकळंच. पेत्रोनानं तिथं स्वतःच्या हातानं भोपळे लावले होते, चूल मांडली होती.

मग इंग्रज खरंच आले. गव्हर्नरांनी सगळ्यांना किल्ल्यात बोलावून घेतलं, आणि रिकाम्या मोसेत इंग्रजांची एक तुकडी घुसून बसली. तटावर चढलं की झाडांच्या वर धूर दिसायचा.

"माझ्या चुलीवर कुणीतरी रांधतंय," पेत्रोना नवऱ्याला म्हणाली.

"तुझ्या त्या गळक्या मडक्यात रांधत असतील तर निम्मी लढाई आपण जिंकली," बर्नार्दो म्हणाला.

बर्नार्दो मूळचा आफ्रिकेतल्या मांडिंगा जमातीचा, धंद्यानं मासेमार, आणि मोसेच्या तुकडीतला शिपाई. कुठल्याही वेळी थट्टा करायची त्याला खोड होती. पेत्रोनानं त्याच्याशी लग्न केलं ते त्याच खोडीपायी, आणि तिला त्याचा वैताग यायचा तोही त्या खोडीपायीच.

एका दुपारी लेफ्टनंट हासिंतोचा शिपाई तिला शोधत आला. लेफ्टनंटचे सदरे ती धुवायची, त्यामुळे तिला इंग्रजी येतं हे त्याला ठाऊक होतं. नेहमीचा दुभाषी तापानं पडला होता. दलदलीत एक माणूस सापडलाय, त्याच्याशी बोलायचंय, असा निरोप होता. पेत्रोनानं पोर शेजारणीच्या मांडीवर दिलं आणि ती गेली.

पहाऱ्याच्या खोलीत लेफ्टनंट टेबलाशी बसला होता. भिंतीला टेकून सार्जंट तोमास उभा होता. मोसेच्या तुकडीचा हा सार्जंट थोराड अंगाचा, मोजकं बोलणारा माणूस. जमिनीवर एक काळा माणूस हात बांधून बसवलेला. कमरेपर्यंत चिखल, मान खाली.

"विचार त्याला, कोण, कुठला," लेफ्टनंट म्हणाला.

तिनं विचारलं. त्या माणसानं मान वर न करता उत्तर दिलं, "आधी पाणी द्या म्हणावं."

आवाज ऐकला आणि पेत्रोनानं त्याच्याकडे नीट पाहिलं. तिनं टेबलाची कड धरली. तो मिंगो होता. मुकादम मिंगो.

कॅरोलिनातल्या मळ्यावर पेत्रोनाचं नाव फिबी होतं. ती आणि तिची थोरली बहीण लुकेनी एकाच गलबतातून काँगोहून आल्या आणि एकाच मालकानं दोघींना घेतलं. दिवसभर गुडघाभर पाण्यात भाताची खाचरं, आणि अंधार पडल्यावर उखळात कांडण. खाचराच्या बांधावर मिंगो आसूड घेऊन उभा असायचा. त्याचा रंग त्यांच्यासारखाच, बोली थोडीफार त्यांच्यासारखी, पण खोपी वेगळी आणि ताटात मांस. एकदा दोघी बहिणी पळाल्या. दलदलीत कुत्रे घेऊन मिंगोनंच त्यांना हुडकून काढलं. बेत लुकेनीचा होता, म्हणून मालकानं तिला खांबाला बांधायला लावलं. मालक व्हरांड्यात बसून होता, मारत होता मिंगो. लुकेनी त्यानंतर उठली नाही. पाठ चिघळली, ताप चढला, आणि ती गेली. पुढच्या वर्षी पेत्रोना दुसऱ्या तिघांबरोबर एका होडीत बसून बेटाबेटांच्या आडोशानं दक्षिणेला निसटली.

आणि आता तोच माणूस तिच्या पायाशी बसून पाणी मागत होता.

"काय म्हणतो?" लेफ्टनंटनं विचारलं.

"पाणी मागतो, साहेब."

पाणी आलं. मिंगो घटाघटा प्यायला आणि बोलायला लागला. पेत्रोना एकेक वाक्य स्पॅनिशमध्ये सांगत गेली. स्वतःचाच आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता. तो म्हणाला, मालकाच्या मुलाबरोबर मी लढाईवर आलो, त्याचा घोडा आणि स्वयंपाक माझ्याकडे. मोसेत जी तुकडी आहे तिच्यात आम्ही होतो. मी पळालो. मला बाप्तिस्मा हवा, राजाचा आश्रय हवा.

"मोसेत माणसं किती? पहारा कसा?" तोमासनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

मिंगोनं सांगितलं. गावाभोवतीच्या कोटाचा दरवाजा इंग्रजांनीच आल्या आल्या जाळून टाकला होता. तटाला पाडलेली भगदाडं बुजवलीच नव्हती. आत पिसवा आणि उकाडा, म्हणून निम्मे लोक बाहेर तंबूत झोपायचे. स्कॉटलंडचे डोंगरी शिपाई आणि घोडेस्वार एकमेकांचं तोंड बघत नव्हते. एकाच्या नायकाचं दुसरा ऐकत नव्हता. पहारेकरी पहाटे डुलक्या घेत होते.

लेफ्टनंट पुढं झुकला. तोमासनं मात्र मान हलवली.

"फारच गोड गोष्ट सांगतोय," तो म्हणाला. "दार उघडं, लोक झोपलेले, या आणि कापा. इंग्रजांनीच पाठवला असेल तर? आत पहिले जाणार कोण, साहेब? माझी माणसं. वाट आम्हांला माहीत म्हणून."

लेफ्टनंट पेत्रोनाकडे वळला. "तू पण कॅरोलिनाचीच ना? याला कधी पाहिलंयस?"

मिंगोनं तेव्हा मान वर केली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, पण ओळखल्याचं काही दिसलं नाही. मळ्यावरची फिबी हडकुळी, डोकं भादरलेली पोरगी होती.

एक शब्द बोलली असती तर काम झालं असतं. हा मुकादम आहे, मालकाच्या मर्जीतला, एवढं म्हटलं की संध्याकाळच्या आत फास. किती रात्री तिनं या माणसाला मनातल्या मनात मारलं होतं. पण तोंड उघडताना तिला बर्नार्दो दिसला, त्या जळक्या दारातून वाकून आत शिरणारा. हा खरं बोलत असेल आणि आपण याला लटकावलं, तर मोसे परत मिळायची संधी गेली. हा खोटं बोलत असेल आणि आपण गप्प बसलो, तर बर्नार्दो गेला.

"नाही साहेब," ती म्हणाली. "ओळखत नाही."

लेफ्टनंट वरिष्ठांकडे गेला. जाताना म्हणाला, अंधार पडायच्या आत काय ते ठरवायचंय. तोमास दाराबाहेर उभा राहिला. पेत्रोना निघाली, चार पावलं गेली आणि परत आली.

"सार्जंट, मला त्याच्याशी बोलू द्या. एकटीला."

तोमासनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "वहिनी, खोटं बोललात ना मघाशी?"

"बोलू द्या मला."

तो बाजूला झाला. "दार उघडं राहील," एवढंच म्हणाला.

पेत्रोना मिंगोच्या समोर उकिडवी बसली. इतक्या जवळ, की त्याच्या कानामागचा जुना वण तिला दिसला. मळ्यावर मिंगो पाठमोरा झाला की मगच बायका मान वर करायच्या, म्हणून तो वण तिच्या ओळखीचा होता.

"ओळखलंस का रे?" ती काँगोच्या बोलीत म्हणाली.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याचे खांदे खाली आले. "फिबी," तो म्हणाला. "मालक सांगायचा तुला मगरीनं खाल्लं म्हणून. आम्हांला सगळ्यांना उभं करून सांगितलं त्यानं."

"लुकेनी आठवते?"

"आठवते."

"काय आठवतं?"

ती वाट बघत बसली. आता हा पाया पडेल, गळा काढेल, माझा नाइलाज होता म्हणेल. आणि तसं म्हटलं की उठायचं आणि लेफ्टनंटला सांगायचं, लटकवा याला. तिनं तसं ठरवूनच टाकलं होतं.

"मालकानं मार म्हटलं, मी मारलं," मिंगो म्हणाला. "हात राखून मारला असता तर त्याला कळलं असतं. मग माझी पाठ सोलली असती त्यानं. म्हणून नाही राखला."

"एवढंच?"

"अजून काय सांगू? रडून दाखवू? हवं तर रडतो, आत्ता माझी गरज आहे."

"मग पळालास कशाला? तुला काय कमी होतं तिथं? मांस मिळत होतं, खोपी होती."

मिंगोनं बांधलेल्या हातांनी तोंडावरचा घाम पुसला. "गेल्या साली स्टोनो नदीवर आपल्या लोकांनी बंड केलं. ऐकलं असशील."

"ऐकलंय."

"ते मोडल्यावर गोऱ्यांनी वाटेवर खांब रोवून मुंडकी लावली. त्यातलं एक माझ्या धाकट्या भावाचं. मी मालकाला म्हटलं, काढून घेऊ द्या, पुरून टाकतो. एवढी वर्षं चाकरी केली, एवढं द्या. तो हसून म्हणाला, मिंगो, अजून खांब शिल्लक आहेत बरं का." तो जरा थांबला. "त्या दिवशी कळलं, त्याच्या लेखी मीही त्याच ढिगातला. तुम्हांला पहिल्यापासून माहीत होतं. मला उशिरा कळलं."

"म्हणून आमच्या मदतीला आलास."

"तुमच्या कसल्या? माझी मान वाचवायला आलोय. परत गेलो तर खांब, इथं खोटा ठरलो तर फास. मोसेला दार नाही हे खरं आहे. तुला पटो, न पटो."

पेत्रोना उठली. दाराशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मळ्यावर मिंगो मालकाशी खोटं बोलायचा तेव्हा त्याचा आवाज कसा व्हायचा ते तिनं रोज ऐकलं होतं. लोण्यासारखा. हात जोडलेले, दात दिसणारे, प्रत्येक वाक्याच्या शेवटी मालक. आज त्याच्या बोलण्यात लोणी नव्हतं. जे तिला खूश करेल असं एकही वाक्य तो बोलला नव्हता, आणि गळ्याशी फास असताना बोलला नव्हता. तिला त्याचा अजून संताप आला. एखादं तरी खोटं बोलायचं होतं त्यानं.

लेफ्टनंट परतला तेव्हा ती तिथंच होती.

"मघाशी मी खोटं सांगितलं, साहेब," ती म्हणाली. "मी ओळखते याला. आमच्या मळ्याचा मुकादम. माझी बहीण याच्या माराने मेली. वाईट माणूस आहे."

लेफ्टनंटच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग सरळ फाशी द्यायला हवी."

"तो खरं बोलतोय."

बाहेर एक गोळा तटात येऊन रुतला आणि छतावरून माती पडली.

"दोन्ही एकदम?" लेफ्टनंट म्हणाला.

"हो साहेब. दोन्ही."

"तुझा नवरा पहिल्या रांगेत असेल, कळतंय ना तुला?"

"म्हणूनच सांगतेय."

तोमास तिच्याकडे बघत होता. मग त्यानं भिंतीवरचा दोर काढला. "याला पुढं घालू," तो म्हणाला. "गळ्यात दोर, टोक माझ्या हातात. दगा निघाला तर पहिला हा."

पेत्रोनानं ते इंग्रजीत मिंगोला सांगितलं. त्यानं मान डोलावली. त्याला त्यात नवल असं काही वाटलं नसावं.

संध्याकाळी तिनं आडोशाखाली बसून बर्नार्दोला सगळं सांगितलं. लुकेनीबद्दल त्याला माहीत होतं, मिंगोचं नाव तो पहिल्यांदा ऐकत होता. तो बंदुकीच्या नळीला चरबी चोळत होता. त्याचा हात थांबला.

"म्हणजे तुझ्या बहिणीला मारणाऱ्याच्या मागोमाग मी जायचं."

"हो."

"तू म्हणतेस म्हणून."

"हो." तिनं पोरीकडे पाहिलं. "आणि मी चुकले असेन तर?"

बर्नार्दोनं जरा विचार केला. "तर मला काही कळायचं नाही. कळेल ते तुला. अवघड आहे ते तुझंच," तो म्हणाला, आणि झोपलेल्या पोरीच्या पायाला चरबीचा हात लावून हसला. पेत्रोनाला हसू आलं नाही.

ते रात्रीच बाहेर पडले. स्पॅनिश शिपाई, मोसेचे लोक आणि राजाच्या बाजूचे तिथले मूळ रहिवासी इंडियन. पहाटे बायका तटावर जमल्या. कुणी जपमाळ ओढत होतं, कुणी नुसतंच उभं. उत्तरेकडे सगळं काळं आणि गप्प. पेत्रोना दगडाला हात टेकून उभी होती. ही शांतता दग्याची की झोपेची, हे तिला कळेना. मिंगोचा चेहरा ती पुन्हा पुन्हा आठवून बघत होती, कुठं काही निसटलं का. तो हसला होता का एकदा? पाणी पिताना त्यानं दाराकडे पाहिलं होतं का?

मग एकच बार झाला. त्यामागून बारांचा सडाच. झाडांवर तांबूस उजेड चढला. आरडाओरडा वाऱ्याबरोबर तुटक तुटक यायचा, कुणाचा ते कळायचं नाही. शेजारची बाई पेत्रोनाचा दंड घट्ट धरून होती. तिचे दोन भाऊ तिकडे होते. उजाडलं तेव्हा गोळीबार थांबलेला होता, आणि मोसेवर धुराचा जाड खांब उभा होता.

लोक परतायला लागले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पुढचे शिपाई गात होते, त्यावरून कळलं की मोसे हाती आलं. बायका दरवाज्याकडे धावल्या. पेत्रोना प्रत्येक चेहरा बघत होती. तोमास नव्हता. बर्नार्दो नव्हता. गाणारे संपले, जखमी आले, ते संपत आले. शेवटी रस्त्याच्या वळणावर एक माणूस दिसला, दुसऱ्याला पाठीवर घेतलेला. त्याच्या गळ्यात दोर होता. दोराचं टोक पाठीवरच्या माणसाच्या मुठीला गुंडाळलेलं होतं.

मिंगोनं बर्नार्दोला तिच्या पुढ्यात उतरवलं. बर्नार्दोच्या गुडघ्याखाली तलवारीचा घाव होता, हाड दिसत होतं. चेहरा राखेसारखा पांढुरका झाला होता.

"दार खरंच नव्हतं," तो म्हणाला. "मडकं फोडलं गं त्यांनी तुझं."

तोमास त्या बिनदाराच्या दारातच पडला होता. दोर त्याच्या हातातून सुटला तेव्हा मिंगोपुढं मोकळं रान होतं. पुढं काय झालं याच्या आमच्याकडे दोन कथा आहेत. बर्नार्दो म्हणायचा, मी पडलो होतो, मिंगो वाकला, त्यानं मला उचललं. मिंगोला विचारलं तर तो वैतागून म्हणायचा, "उचलतोय कसला. तोमास पडल्यावर या माणसानं दोर धरला. सोड म्हटलं तर सोडेना. म्हणून त्याच्यासकट आलो."

त्या सकाळी बर्नार्दो बायकोला म्हणाला, "त्याच्या गळ्यातला दोर काप."

"मी नाही कापणार," पेत्रोना म्हणाली. "दुसऱ्या कुणाला सांग." ती नवऱ्याच्या पायाला कापड गुंडाळत राहिली. दोर शेवटी शेजारणीनं कापला. तिचे दोघेही भाऊ परत आले होते.

पुढच्या महिन्यात इंग्रज कंटाळून, तापानं बेजार होऊन निघून गेले. मोसे मात्र जळून गेलं होतं. मोसेची माणसं बरीच वर्षं शहरातच राहिली, मिळेल ते काम करत, गोऱ्यांच्या गल्ल्यांच्या कडेकडेनं. मोकळ्या माणसांच्या शहरात गुलामही होते. लेफ्टनंट हासिंतोच्या घरचा स्वयंपाकीच गुलाम होता, आणि सदरे पोचवायला गेलं की पेत्रोना त्याच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय परत यायची नाही. "तुम्ही कुठून पळालात?" तो विचारायचा. "उत्तरेहून," ती सांगायची. "मग मी कुठं पळू?" तो हसत म्हणायचा.

बर्नार्दोचा पाय वाचला, पण लंगडा राहिला. होडी एकट्याला झेपेना. एके दिवशी त्यानं मिंगोला जोडीला घेतलं. पेत्रोनाला कळलं तेव्हा तिनं दोन दिवस अबोला धरला.

"अगं, ज्यानं मला पाठीवर घालून आणलं त्याला नको म्हणू?"

"तुला आणलं ती पाठ त्याची. फुटली ती पाठ माझ्या बहिणीची," ती म्हणाली. "समुद्रावर हवं तेवढं बस त्याच्याबरोबर. माझ्या घरात नाही."

मिंगोनंही कधी उंबरा ओलांडायचा प्रयत्न केला नाही. तो कुंपणाबाहेर बसायचा, जाळं विणायचा, मासळीचा वाटा खांबाला टांगून जायचा. पेत्रोना ती मासळी रांधायची. मिंगो पुढं फेलिपे झाला, बाप्तिस्मा घेऊन. तिच्या तोंडात मात्र "तो मुकादम" हेच राहिलं. लहानगी कातालीना एकदा त्याला मुकादमकाका म्हणाली. तो नुसता मान खाली घालून जाळ्याच्या गाठी मारत राहिला. त्या दिवसापासून पेत्रोनानं पोरीसमोर तो शब्द वापरणं सोडलं.

मग वेढ्याला वीसएक वर्षं होऊन गेल्यावर राजानं दूर कुठंतरी बसून तह केला आणि फ्लोरिडा इंग्रजांना देऊन टाकली. इंग्रज यायच्या आत आम्हां सगळ्यांना जहाजांत भरून क्युबाला नेलं, मातांझास बंदराच्या मागच्या रानात. जमीन दिली ती काटेरी झुडपांची. शेतीची अवजारं देऊ म्हणाले, ती वेळेवर आलीच नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात अर्धी वस्ती तापानं फणफणली.

बर्नार्दो त्यातच गेला. शेवटचे दिवस त्याला उचलून बाहेर न्यावं लागायचं, आणि पेत्रोनाच्या अंगात तेवढं बळ उरलं नव्हतं. मिंगो यायचा, त्याला लहान मुलासारखा उचलायचा, आणायचा, पाणी पाजायचा. बर्नार्दोला पुरून आल्यावर पेत्रोनाच्या लक्षात आलं, की हा माणूस आठवडाभर आपल्या घरात वावरतोय, आपल्याच गाडग्यातून पाणी पितोय, आणि त्याला आत यायला कुणी सांगितलंच नव्हतं. तो दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

त्या वर्षाच्या अखेरीला शेजारच्या उसाच्या मळ्याचा मालक घोड्यावरून वस्तीत आला. त्याला मुकादम हवा होता. आफ्रिकेतून नवी माणसं आणली होती, त्यांची बोली समजणारा, त्यांच्याकडून काम काढून घेणारा कुणीतरी. मिंगोचं नाव त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. तेव्हा वस्तीत चुली पेटत नव्हत्या, लोक रानातली मुळं उकडून खात होते. मालक पगार देणार होता, वर धान्य आणि रोज मांस.

पेत्रोना खुरपं हातात धरून मक्याच्या वाफ्यात उभी होती. दोघांचं बोलणं तिला ऐकू येत नव्हतं, नुसते हातवारे दिसत होते. तिच्या छातीत धडधडायला लागलं. एवढ्या वर्षांनंतर, या रानात, या माणसासाठी आपलं काळीज का धडधडावं, याचाच तिला राग आला.

घोडा निघून गेला. मिंगो तिच्याकडे आला, वाफ्याच्या कडेला थांबला.

"माझा हात दुखतो म्हणून सांगितलं त्याला," तो म्हणाला.

तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं. म्हातारा झाला होता, पण हात धडधाकट होता. सकाळीच त्यानं एक ओंडका वाहिला होता.

"मी विचारलं का तुला?"

"नाही."

ती खाली वाकून खुरपायला लागली. तो जाईना. थोड्या वेळानं ती मान वर न करता म्हणाली, "लुकेनीला पुरलं कुठं? मला बघू दिलं नव्हतं."

"बंधाऱ्याच्या पलीकडं. उंचवट्यावर, पाणी चढत नाही तिथं," तो म्हणाला. "मीच खणलं होतं."

पेत्रोनानं हातातलं तण उपटून बाजूला टाकलं. मग तिनं वाफ्याच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केलं. "त्या बाजूचं तण काढायचंय. काढणार असशील तर मक्याचा वाटा देईन. नसशील तर उभा राहून उजेड अडवू नकोस."

त्या वर्षापासून दोघं तो वाफा मिळून करत. बोलणं कामापुरतंच. त्यानं माफी मागितली असं आमच्यातल्या कुणी ऐकलं नाही, तिनं माफ केलं असंही नाही. मिंगो तिच्याआधी गेला. कातालीनाच्या नवऱ्यानं त्याची शवपेटी केली. पेत्रोना पुरायला गेली होती, मागं उभी राहिली आणि सगळ्यांच्या आधी घरी आली.

क्युबात येऊन वीसेक वर्षं झाली तेव्हा फ्लोरिडा पुन्हा राजाच्या हाती आली, आणि ज्यांना परत जायचं त्यांनी नावं द्यावीत असं सांगण्यात आलं. कातालीना मुलांना घेऊन गेली. आईनंही यावं म्हणून तिनं फार विनवलं. पेत्रोना म्हणाली, "मी जन्मभर कुठून ना कुठून निघतेच आहे. आता पुरे." ती मातांझासच्या रानात आणखी चार वर्षं जगली. मका लावायची, आणि शेजारच्या मळ्यातून कुणी पळून तिच्या दाराशी आलं तर त्याला खायला घालून, डोंगराकडची वाट दाखवून, मगच त्याचं नाव विचारायची.